खडीटेकडीचा बंब

गुणाजी घाडी याला माणसांपेक्षा वस्तूंवर विश्वास ठेवणे सोपे जाई. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो बावीस वर्षे स्टोअरकीपर होता आणि कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात आहे हे तो डोळे मिटून सांगू शके. वस्तू आपण होऊन जागा सोडत नाही. तिने जागा सोडली असेल तर तिला कोणीतरी हलवले आहे, आणि हलवणाऱ्याला कारण असते. एवढ्या एका तत्त्वावर त्याची नोकरी उभी होती. हेच तत्त्व त्याने रविवारी, म्हणजे खडीटेकडी स्वयंसेवक अग्निशमन पथकाचा प्रमुख या नात्याने, बंबालाही लावले होते.

घाटकोपरच्या पश्चिमेला एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या पाठीवर ही वस्ती होती. अठ्ठावन्न साली वस्तीत मोठी आग लागली, तेव्हा पालिकेचा बंब खालच्या अरुंद वळणावर अडकला आणि तो मागे घेईपर्यंत चौदा घरे गेली. त्यानंतरच्या रविवारी बावीस माणसांनी खाणीच्या मोकळ्या छपराखाली बसून पथक काढले. एकवीस वर्षांचा गुणाजी त्यांतला सर्वांत धाकटा होता. पहिली चार वर्षे त्यांच्याकडे बादल्या, दोन शिड्या आणि वाळू एवढेच होते. बासष्टमध्ये खाणमालकाने धंदा गुंडाळताना आपल्याकडची एक जुनी गाडी पथकाला देऊन टाकली. महायुद्धाच्या काळात ती कोणत्यातरी विमानतळावर होती, असे सांगत. मागे पंप, मध्ये तीनशे गॅलनची टाकी, पुढे पितळी घंटा. आणि लाल रंग कुठे खरवडला की आत खाकी दिसे.

एकाहत्तरच्या सुमारास या गाडीची बॅटरी बसली ती बसलीच. त्यावर पथकाने जो उपाय काढला तो पुढे त्याचा नियमच झाला. बंब टेकडीच्या माथ्यावर, उताराकडे तोंड करून उभा ठेवायचा आणि पुढच्या चाकाला दगड लावायचा. घंटा झाली की दगड काढायचा, गाडी उतरणीला सोडायची आणि वेग आला की गिअर टाकायचा. पहिल्या वळणाच्या आत इंजिन धडधडू लागे. अडचण एवढीच होती की माथ्यावरून उतरणी दोन होत्या. एक स्टेशनकडे जाई, दुसरी खाणीकडे. बंबाला तोंड मात्र एकच. चुकीच्या बाजूला तोंड असताना आग लागली तर टेकडीला पायथ्याने वळसा घालून जावे लागे, आणि तेवढ्यात छपरे खाली येत. इंजिन बंद असताना बंब जागेवर फिरवायचा तर दहा माणसे लागत. म्हणून गुणाजीने पाळी लावून दिली होती: एक आठवडा तोंड स्टेशनकडे, पुढचा आठवडा खाणीकडे. छपराखालच्या फळ्यावर दर रविवारी कवायतीनंतर तो खडूने बाजू लिही.

बंब चालवणारा मात्र एकच होता, बळवंत तिरलोटकर. देवगडकडचा, गुणाजीच्या वयाचा, अंगाने सुका आणि बोलण्याने त्याहून सुका. तो गिरणीत होता. गिरणीच्या आगपथकातही त्याने सात वर्षे काढली होती. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला आणि इतर अडीच लाखांप्रमाणे तोही घरी बसला. तेव्हापासून तो दिवसभर टेकडीवर आणि टेकडीखाली हिंडताना दिसे. कुठे जातोस, असे कोणी विचारले तर "पाय मोकळे करतंय" म्हणे. संध्याकाळी पाच वाजता तो बंब सुरू करी, थोडा खाली नेऊन वर आणी, इंजिन गरम झाले की माथ्यावर चार वेळा मागेपुढे करून तो लावी आणि चाकाला दगड देऊन घरी जाई.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये स्टेशनच्या उतरणीवर एका चिंध्यांच्या गोदामाला आग लागली. पथक पाच मिनिटांत पोचले. सर्वांनी एकमेकांची पाठ थोपटली. गुणाजी मात्र रात्रभर अस्वस्थ होता, कारण त्या आठवड्यात पाळी खाणीची होती. फळ्यावर तसे लिहिलेले होते आणि बंबाचे तोंड स्टेशनकडे होते. चूक लाभदायक ठरली म्हणून त्याने ती सोडून दिली. मे महिन्यात खाणीच्या उतरणीवर चिंध्या भरून गाद्या करणारा कारखाना पेटला. त्या वेळी पाळी स्टेशनची होती. तोंड खाणीकडे होते. दोन चुका, आणि दोन्ही वेळा आग नेमकी चुकीच्या बाजूला. वस्तू आपण होऊन जागा सोडत नाही, हे गुणाजीला पुन्हा आठवले.

त्यानंतर तो रोज कामावरून येताना माथ्यावरून येऊ लागला. एका संध्याकाळी बंब पुन्हा उलटा दिसला तेव्हा त्याने बळवंतला हटकले. आज पाळी खाणीची आहे, फळा वाचला नाहीस का, असे विचारले.

"थंय ब्रेक धरणत नाय," बळवंत हात पुशीत म्हणाला. "तुझो फळो येतलो काय गाडी थांबवूक?"

भोवतालचे तिघे-चौघे हसले. गुणाजी हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः बंबात बसून ब्रेक दाबून पाहिला. त्याला गाडी चालवता येत नव्हती, पण ब्रेक लागतो की नाही एवढे कळत होते. ब्रेक लागत होता. मग हा माणूस खोटे का बोलला? त्या वेळी काहीच पेटले नाही. पण खाणीच्या बाजूला तोंड न ठेवण्यासाठी दिलेले कारण खोटे होते, एवढे गुणाजीच्या मनात पक्के बसले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिसरी आग लागली. पुन्हा स्टेशनची उतरण, पुन्हा चिंध्या, पुन्हा पाळीच्या उलट तोंड. पालिकेचा बंब आला तेव्हा पथकाची माणसे पाइप गुंडाळत होती. पालिकेच्या अधिकाऱ्याने गुणाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सर्वांसमोर गमतीने विचारले, "काय घाडी, आगीचं आमंत्रण तुम्हाला आधी येतं की काय?" लोक हसले. पण दोन दिवसांत ही गंमत चहाच्या टपरीवर प्रश्न होऊन फिरू लागली. उतरणीवरच्या सर्वांत मोठ्या गोदामाचा मालक चंद्रप्रकाश याने तो प्रश्न पोलीस चौकीपर्यंत नेला. त्याचे म्हणणे सरळ होते: टेकडीवर संपकरी बसले आहेत, त्यांना काम नाही, आणि आग विझवणाऱ्याला मान मिळतो. पुढची आग माझ्या गोदामाची असेल.

चौकीवरचे हवालदार भीमराज हे सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी गुणाजीला बोलावून काय ते समजावले. तक्रार आली आहे, वर कळवावे लागेल. पथकात कोणावर संशय असेल तर प्रमुखाने सांगावे. नसेल तर संशय सगळ्या पथकावर राहील, बंब उचलून नेला जाईल आणि पथक बंद होईल. शनिवारपर्यंतची मुदत त्यांनी दिली.

पंचवीस वर्षांचे पथक एका बाजूला आणि एक माणूस दुसऱ्या बाजूला. गुणाजीने घरी प्रेमाला, आपल्या बायकोला, हे सांगितले तेव्हा तिने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतले. बळवंतच्या घरी दोन वर्षे पगार आला नव्हता आणि त्याची बायको प्रेमाबरोबरच पापड लाटायला जाई. "त्याला विचारलंत का?" तिने विचारले. विचारले होते, खोटे बोलला, असे गुणाजी म्हणाला. "ब्रेकचं विचारलंत. आगीचं विचारलंत का?" चोराला चोरी केलीस का, असे विचारण्याची पद्धत त्याच्या स्टोअरमध्ये नव्हती. तिथे आधी पाळत ठेवीत.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. त्याने सकाळचीही सुट्टी घेतली आणि दहा वाजल्यापासून बळवंतच्या मागे राहिला. बळवंत खाणीच्या बाजूने उतरला, गादी कारखान्यांच्या मागून रेंगाळत गेला, पायथ्याच्या रस्त्याने वळसा घालून स्टेशनच्या उतरणीला आला. प्रत्येक गोदामापाशी तो थोडा थांबे. बाहेर रचलेल्या गाठींवर, म्हणजे दाबून बांधलेल्या चिंध्यांच्या गठ्ठ्यांवर, तो हाताची पालथी बाजू टेकवी, जणू सहज आधाराला. बारा वाजता हमाल जेवायला बसले. बळवंतने मागेपुढे पाहिले आणि तो चंद्रप्रकाशच्या गोदामात शिरला.

गुणाजी समोरच्या भिंतीच्या फटीतून पाहत होता. आत, तिसऱ्या ओळीपाशी, बळवंत ओणवा झाला. त्याने एका गाठीच्या दोन पट्ट्यांमध्ये हात खुपसला, कोपरापर्यंत. तो हात त्याने बराच वेळ आत ठेवला. मग काढला, लुंगीला पुसला आणि बाहेर पडून झपाझप टेकडी चढू लागला. गुणाजी मागोमाग वर पोचला तेव्हा पाच वाजायला अजून अवकाश असूनही बंब सुरू झालेला होता. चार वेळा मागेपुढे होऊन तो उभा राहिला. फळ्यावर पाळी खाणीची. तोंड स्टेशनकडे.

आता शंकेला जागा राहिली नव्हती. या माणसाने गाठीत काहीतरी ठेवले होते आणि बंब तिकडे वळवला होता. गुणाजी उलट पावली खाली गेला. चंद्रप्रकाशला त्याने पाहिले ते सांगितले, आणि दोघे मिळून चौकीत गेले. भीमराजांनी जबाब लिहून घेतला. "माझा बळवंत तिरलोटकर याच्यावर संशय आहे" या वाक्याखाली गुणाजीने सही केली. त्याचे अक्षर नेहमीसारखेच नीट आले. चंद्रप्रकाशने गोदामाला कुलूप ठोकले. पुरावा जसाच्या तसा राहिला पाहिजे, वरून साहेब आल्याशिवाय कोणी आत जायचे नाही, असे त्याने हमालांना बजावले. दोन वाजता बळवंतला चौकीत आणले.

त्याला बाकावर बसवून भीमराजांनी विचारायला सुरुवात केली: गोदामात का गेलास, गाठीत काय ठेवलेस, कोणी सांगितले. बळवंत गुणाजीकडे पाहत होता.

"गोदाम उघडा आसा काय?" त्याने विचारले.

कुलूप घातल्याचे गुणाजीने सांगितले. तेव्हा बळवंत पहिल्यांदा उठून उभा राहिला.

"तिसरी ओळ, खालची दुसरी गाठ. कोपरापर्यंत हात घाल. आदी थंय जा, मगे माझो निकाल लाव."

"काय ठेवलंस तू तिथं?"

"मी काय्येक ठेवूक नाय. ती गाठ गरम आसा. काल कोमट होती, आज हात ठरणत नाय."

गिरणीत ज्याने काम केले नाही त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. रंगारी आणि पॉलिशवाले ज्या चिंध्यांनी अळशीचे तेल पुसतात, त्या दाबून बांधल्या की आतल्या आत तापत जातात. वरून गाठ थंड लागते. पोटात निखारा तयार होत असतो आणि एका-दोन दिवसांत, काडी न लावता, ती पेट घेते. गिरणीच्या आगपथकात गाठींतून हात घालीत फिरणे हे रोजचे काम असे. बळवंत संप झाल्यापासून तेच काम इथे, कोणी न सांगता, करीत होता, आणि गरम गाठ लागली की बंबाचे तोंड तिकडे फिरवून ठेवीत होता. हे त्याने चौकीत चार तुटक वाक्यांत सांगितले. भीमराजांनी लेखणी खाली ठेवली.

"मग सांगितलं का नाहीस?" गुणाजीने विचारले. "तीन ठिकाणी आग लागली, बळवंता."

"एकदा सांगलंय," बळवंत म्हणाला. "एकूणसत्तर साली. जॉबराक, आमच्या खात्याच्या मुकादमाक, सांगलंय, गाठ गरम आसा, उघडा. उघडली तशी पेटली. सायबान इचारला, तुका आदी कसा कळला? चार्जशीट दिल्यानी. आठ म्हयने घरात बसलंय. तुझ्यासारखोच हुशार होतो तो सायब."

गुणाजी आणि भीमराज धावतच गोदामाशी गेले. चंद्रप्रकाशने किल्ली द्यायला नकार दिला. घाडी आणि तिरलोटकर एकाच टेकडीचे, एकाच मुलखाचे. आता घाडी पुरावा नाहीसा करायला आला आहे, असे तो हवालदाराच्या तोंडावर म्हणाला. ज्याच्या शब्दावर त्याने तासापूर्वी कुलूप घातले त्याच गुणाजीवर आता त्याचा विश्वास नव्हता, आणि गुणाजीला त्यात गैर काढता येईना. तो वाद घालत असतानाच एका हमालाने दाराच्या खालच्या फटीकडे बोट दाखवले. तिथून धुराची दोऱ्यासारखी रेघ बाहेर येत होती.

कुलूप निघाले. आत धूर छातीएवढा उतरला होता. हमालांनी आकडे रुतवून गाठ ओढायला घेतली. दारापर्यंत आली तेव्हा तिला वारा लागला आणि ती उकलताच भडकली. शेजारच्या दोन गाठींनीही पेट घेतला. बादल्या सुरू झाल्या. माथ्यावर पथकाची घंटा वाजू लागली, पण बंब खाली येईना. यायचा कसा? चालवणारा चौकीत बसलेला होता आणि त्याला तिथे बसवणारा इथे बादली घेऊन उभा होता. एवढ्या वर्षांत गुणाजीला एकदाही असे वाटले नव्हते की हे काम दुसऱ्या कोणाला यायला हवे.

भीमराज जाड अंगाचे होते. पण ते चौकीपर्यंत पळत गेले आणि वरिष्ठांची परवानगी न विचारता त्यांनी बळवंतला सोडले. तो टेकडी कशी चढला ते कोणी पाहिले नाही. बंब वळणावर दिसला तेव्हा इंजिन नुकतेच लागत होते आणि चार माणसे शिड्यांना लोंबकळत होती. तोंड योग्य बाजूला होते, म्हणून तो तीन मिनिटांत दाराशी आला. पाच गाठी आणि छपराचे दोन वासे एवढ्यावर भागले. उतरणीवरची सात गोदामे आणि त्यांच्या पाठीला टेकलेली घरे वाचली.

पाणी थांबल्यावर गुणाजी ओल्या कपड्यांनी चौकीत गेला आणि जबाब मागे घ्यायचा आहे म्हणाला. भीमराजांनी सांगितले की सही झालेला जबाब मागे घेता येत नाही; त्याच्या खाली दुसरा लिहिता येतो. मग गुणाजीने दुसरा सांगितला. तो पहिल्याहून पुष्कळ लांब झाला. अळशीचे तेल, मार्च, मे, ऑक्टोबर, फळा, पाळी, सगळे त्यात आले. बळवंतने तीन वेळा कळूनही मालकांना सांगितले नाही, हेही आले; ते गाळावे असे त्याला वाटले होते, पण मग हा जबाबही पहिल्यासारखाच अर्धा झाला असता. भीमराजांनी वाचून दाखवले. दोन्ही कागद एकाच फायलीत, एकाखाली एक, लावले गेले. बळवंतवर पुढे काही झाले नाही. चंद्रप्रकाशने दिवाळीला पथकाकडे मिठाईचा पुडा पाठवला आणि हमालांना सूचना दिली की टेकडीवरच्या कोणालाही गोदामात शिरू देऊ नये.

बळवंत पथक सोडील असे सर्वांना वाटले होते. त्याने सोडले नाही. रविवारच्या कवायतीला तो वेळेवर येई, पाइप वाळत घाली, पंपाला तेल देई. गुणाजीने एकदा दोघेच असताना माफी मागायचा प्रयत्न केला, तेव्हा तो पंपाचा नट आवळत राहिला आणि पाना बदलून दे एवढेच म्हणाला. दिवसाचे हिंडणे मात्र त्याने थांबवले. गुणाजीने गोदामांच्या मालकांना एकेक करून भेटून गाठी तपासू देण्याची विनंती केली. दोघांनी मान्य केले, बाकीच्यांनी विचारले की तुम्हालाच एवढी काळजी का. ज्या दोघांनी मान्य केले त्यांच्याकडे गुणाजी स्वतः जाऊ लागला. तो पट्ट्यांमध्ये हात घाली, बराच वेळ ठेवी. त्याला सगळ्या गाठी सारख्याच लागत. कोमट म्हणजे किती कोमट, हे त्याच्या हाताला सांगता येत नव्हते, आणि ज्याच्या हाताला येत होते त्याला विचारण्याचा हक्क त्याने सही करून गमावला होता.

पथक पुढे सत्त्याऐंशीपर्यंत चालले. त्या वर्षी जवळच पालिकेचे नवे अग्निशमन केंद्र झाले आणि बंब भंगारात गेला. मधल्या साडेतीन वर्षांत उतरणींवर आणखी दोन आगी लागल्या. एका वेळी तोंड बरोबर होते, एका वेळी नव्हते. पाळीचा फळा गुणाजीने दिवाळीनंतर लगेच पुसून टाकला होता, कारण तो लिहिण्याचा धीर त्याला उरला नव्हता. बंब कसा लावायचा ते बळवंतने ठरवावे, असे त्याने सर्वांसमोर सांगितलेही. बळवंतने ते ऐकून घेतले. पण रोज संध्याकाळी पाच वाजता तो बंब माथ्यावर आणी, इंजिन चालू ठेवून खिडकीतून डोके बाहेर काढी आणि कारखान्यातून नुकत्याच परतलेल्या गुणाजीला, भोवतालच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, विचारी:

"प्रमुख, तोंड खंय करू?"

त्याच्या आवाजात राग नसे. गुणाजी एकदा स्टेशनच्या उतरणीकडे पाही, एकदा खाणीच्या. मग काहीच माहीत नसताना, दोहोंपैकी एकीकडे हात करी.